माउथ ऑर्गनमधली आगगाडी

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं. अब्बा लोकोशेडमध्ये फिटर होते. मुख्य मार्गावर विजेची इंजिनं केव्हाच आली होती, पण यार्डात डबे ढकलायला वाफेची काळी इंजिनं अजून होती. आम्हा पोरांचा एक खेळ होता. तोंडानं इंजिन काढायचं. आधी दम लागल्यासारखी सुरुवात, मग वेग, मग रूळ बदलताना होणारी खडखड आणि शेवटी शिट्टी. ज्याची शिट्टी ऐकून कोणाची तरी आई खिडकीतून डोकावेल तो जिंकला. मी कधीच जिंकलो नाही.

समोरच्या रांगेत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. निवृत्तीला आलेले. रविवारी चर्चमधून परतले की ग्रामोफोनवर एकाच गायकाची तबकडी लावायचे. खोल, मऊ, कानाशी येऊन बोलावं तसा आवाज. एकदा धीर करून विचारलं, "अंकल, ये कौन गाता है?" म्हणाले, "जिम रीव्हज, बेटा. कंट्री म्युझिक." कंट्री म्हणजे देश एवढं इंग्रजी मला येत होतं. त्यामुळे बरीच वर्षं मी जिम रीव्हज यांची गाणी देशभक्तीपर समजून आदरानं ऐकली.

हे 'कंट्री' म्हणजे गावाकडचं, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. आणि हे जिम रीव्हज मुळात रेडिओवरचे निवेदक होते हे त्याहून उशिरा. टेक्सासमधला हा शेतकऱ्याचा मुलगा बेसबॉल खेळायचा. दुखापतीनं खेळ सुटला, म्हणून टेक्सासमधल्या रेडिओ केंद्रांवर निवेदनाची नोकरी धरली. १९५२मध्ये लुइझियाना राज्यातल्या श्रेव्हपोर्टच्या केंद्रावर गेले. तिथे शनिवारी रात्री 'लुइझियाना हेराइड' नावाचा गाण्याचा कार्यक्रम व्हायचा. त्यातून त्यांचा स्वतःचा आवाज लोकांपुढे आला. मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन हलक्या आवाजात गायची त्यांची लकब निवेदकाच्या खुर्चीत घडली असावी, असं मला वाटतं. १९६४मध्ये स्वतः चालवत असलेलं विमान पडून ते गेले. आमच्या कॉलनीत ते त्यानंतरही कितीतरी रविवार गात होते.

तर अमेरिकेतलं हे गावाकडचं गाणं आणि रेडिओ यांचं नातं किती जुनं, किती गुंतागुंतीचं, हे शोधायला लागलो आणि त्यात मला एक माणूस भेटला. डीफोर्ड बेली. आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी.

त्याआधी केंद्राची ओळख करून घेऊ. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात १९२५च्या ऑक्टोबरमध्ये 'डब्ल्यूएसएम' हे रेडिओ केंद्र सुरू झालं. मालक कोण, तर एक विमा कंपनी. केंद्राच्या नावातली तीन अक्षरं म्हणजे कंपनीच्या जाहिरातवाक्याची आद्याक्षरं. 'आम्ही लक्षावधींचं रक्षण करतो' असा त्याचा अर्थ. कंपनीचे एजंट दारोदार फिरून कष्टकऱ्यांना छोट्या हप्त्याच्या पॉलिसी विकत. कार्यक्रम ऐकणारं घर दार लवकर उघडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे गावाकडचं गाणं हवेत गेलं ते कलेच्या प्रेमानं कमी आणि विम्याच्या हप्त्यासाठी जास्त! यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. आपली 'गीतमाला' एका टूथपेस्टच्या नावानंच आपण ओळखत होतो.

जॉर्ज हे नावाचे निवेदक तिथे शिकागोहून आले. वय तिशीचं, पण स्वतःला म्हणवायचे 'गंभीर म्हातारे जज्ज'. २८ नोव्हेंबर १९२५च्या रात्री त्यांनी अंकल जिमी थॉम्पसन या ७७ वर्षांच्या फिडलवादकाला मायक्रोफोनसमोर बसवलं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण वाजवण्याची रीत गावठी. तार आणि पत्रं आली आणि दर शनिवारी गावाकडची मंडळी वाजवू लागली.

त्या मंडळींतले एक डॉक्टर होते, हम्फ्री बेट. दवाखाना सांभाळून माउथ ऑर्गन वाजवायचे. त्यांनी १९२६मध्ये एका लहानखुऱ्या काळ्या तरुणाला सोबत आणलं. तोच डीफोर्ड. जज्जसाहेब तपासणी घेतल्याशिवाय कोणाला हवेत सोडायला तयार नव्हते. बेट यांनी या तरुणाची हमी घेतली.

डीफोर्ड बेली यांचा जन्म १४ डिसेंबर १८९९चा, टेनेसीतल्याच स्मिथ काउंटीतला. आजोबा फिडल वाजवण्यात त्या भागात नावाजलेले. आई लहानपणीच गेली, आत्यानं वाढवलं. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. वर्षभर अंथरुणात. हातपाय हलेनात, म्हणून घरच्यांनी हातात माउथ ऑर्गन दिला. दहा भोकांचं ते खेळणं. पडल्या पडल्या पोर बाहेरचं ऐकायचं आणि ऐकलेलं त्यातून काढायचं. कोल्ह्यामागे लागलेली कुत्री, कोंबड्या, आणि दूरून जाणारी आगगाडी. बरा झाला, पण उंची पावणेपाच फुटांच्या आसपासच राहिली. शाळेच्या वाटेवर रेल्वेचा पूल होता. गाडी यायच्या वेळी हा मुलगा पुलाखाली जाऊन डोळ्यांवर हात ठेवून उभा राहायचा. गाडी बघायची नव्हती, ऐकायची होती.

हे वाचलं तेव्हा मला आमची भुसावळची टोळी आठवली. आम्ही गाडी ऐकत होतो ती खेळापुरती.

१० डिसेंबर १९२७ची रात्र. डब्ल्यूएसएमवर आधी न्यूयॉर्कहून वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित झाला. अभिजात संगीतात हुबेहूब नकलेला जागा नसते असं सांगत त्यांनी अपवाद म्हणून आगगाडीचं चित्रण करणारी एक रचना ऐकवली. तो संपला आणि नॅशव्हिलचा गावरान कार्यक्रम सुरू झाला. जज्जसाहेबांनी लागलीच डीफोर्डना पुढे केलं. त्यांनी माउथ ऑर्गनवर 'पॅन-अमेरिकन ब्लूज' वाजवलं. पॅन-अमेरिकन ही सिनसिनाटीहून न्यू ऑर्लिन्सला जाणारी खरीखुरी एक्स्प्रेस गाडी. वादन संपल्यावर जज्जसाहेब गमतीत म्हणाले, आतापर्यंत आपण 'ग्रँड ऑपेरा' ऐकत होतो, यापुढे ऐकू या 'ग्रँड ओल ऑप्री'. ऑपेराचा गावठी उच्चार. तेच नाव चिकटलं. २०२५मध्ये त्या कार्यक्रमाला शंभर वर्षं झाली, तरी नाव तेच. म्हणजे कंट्री संगीताच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठाचं बारसं एका काळ्या माणसाच्या माउथ ऑर्गनवर झालं.

रेडिओवर फक्त आवाज होता, चेहरा नव्हता. दूरच्या शेतावर बॅटरीच्या रेडिओपाशी बसलेल्या अनेकांना डीफोर्ड काळे आहेत हे ठाऊकच नव्हतं. १९२८मध्ये वर्षातले ४९ शनिवार त्यांनी ऑप्रीवर वाजवलं. इतर कोणाहीपेक्षा जास्त. त्याच साली नॅशव्हिलमध्ये ज्या पहिल्यावहिल्या ध्वनिमुद्रिका झाल्या त्यांत डीफोर्ड होते.

पण ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात गोष्ट वेगळी होती. विसाव्या दशकात कंपन्यांनी दक्षिणेकडच्या संगीताच्या दोन वह्या केल्या. काळ्यांच्या गाण्यांची यादी वेगळी, गोऱ्या गावकऱ्यांची वेगळी. वाजवणाऱ्यांनी ही भिंत घातली नव्हती. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातांनी अमेरिकेत घडलं. (आपल्या वरातीत वाजतो तो बँजो वेगळा, त्याची कथा पुन्हा कधी.) व्हर्जिनियाच्या डोंगरातलं प्रसिद्ध कार्टर कुटुंब घ्या. त्यातले ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत फिरायचे, तेव्हा सोबत लेस्ली रिडल हे काळे गिटारवादक असायचे. कार्टर शब्द उतरवून घेत, रिडल चाल ध्यानात ठेवत. तबकडीवर नाव कार्टर यांचं आलं.

डीफोर्ड स्वतः सांगायचे की लहानपणी आपल्या आजूबाजूचे काळे लोक जे वाजवायचे तेच आपण वाजवतो. डोंगराळ भागातलं काळ्या माणसांचं संगीत. त्यासाठी कोणत्याच वहीत पान नव्हतं.

रॉय एकफ, बिल मन्रो हे पुढे मोठे झालेले गोरे गायक तिसाव्या दशकात नवखे होते, तेव्हा दौऱ्यावर डीफोर्ड यांचं नाव जाहिरातीत घातलं की गर्दी व्हायची. रंगमंचावर टाळ्या मिळायच्या. कार्यक्रम संपला की मात्र प्रश्न पडायचा, हा माणूस झोपणार कुठे? हॉटेलं गोऱ्यांची. मग डीफोर्ड गावातल्या काळ्या वस्तीत एखादी खोली शोधायचे. अंकल डेव्ह मेकन हे बँजोवादक युक्ती करायचे. हा माझा नोकर आहे, मला रात्री लागतो, असं सांगून त्यांना आपल्या खोलीत घ्यायचे. ही माणुसकी होती यात शंका नाही. पण ऑप्रीवर पहिल्या रांगेत असलेल्या कलावंताला रात्रीच्या छपरासाठी नोकर व्हावं लागत होतं.

इथे थोडं स्वतःचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी माझ्या कवितांच्या ध्वनिमुद्रणाला गेलो होतो. झाल्यावर काचेपलीकडचे गृहस्थ बाहेर आले, हातातल्या कागदावरचं माझं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि मनापासून म्हणाले, "तुमचं मराठी किती स्वच्छ आहे हो!" भुसावळात जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, मराठीत बीए केलं. काय सांगणार? आभार मानले आणि निघालो. त्यांना दुखवायचं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

आता १९४१ कडे येऊ. अमेरिकेत गाणी रचणाऱ्यांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी 'अ‍ॅस्कॅप' नावाची संस्था १९१४पासून होती. तिनं रेडिओ केंद्रांकडे जास्त पैसे मागितले. केंद्रांनी १९३९मध्ये स्वतःची दुसरी संस्था काढली, 'बीएमआय'. आणि १ जानेवारी १९४१पासून अ‍ॅस्कॅपकडे नोंदलेलं काहीही वाजवायचं नाही असं ठरलं. अमेरिकेचा रेडिओ रातोरात जुनी, हक्क संपलेली गाणी वाजवू लागला.

डीफोर्ड यांच्या गाजलेल्या रचना अ‍ॅस्कॅपच्या खात्यात होत्या. त्यांना सांगण्यात आलं, नवं काही बसवा. पंधरा वर्षं ज्या माणसाला तीच आगगाडी, तोच कोल्ह्याचा पाठलाग वाजवायला लावला, श्रोतेही तेच मागायचे, त्याला आता हे वाजवू नकोस म्हणायचं! १९४१च्या मे महिन्यात त्यांना ऑप्रीतून काढून टाकलं. पुढे १९४५मध्ये जॉर्ज हे यांनी ऑप्रीचा छोटा इतिहास लिहिला. त्यात डीफोर्ड यांना कार्यक्रमाचं शुभचिन्ह म्हटलं, आणि नवं शिकायला ते आळशी होते असं कारण दिलं. आळशी हा शब्द लिहिताना त्यांच्या वंशाचा उल्लेखही केला. ज्या माणसानं हे नाव ज्यांच्या वादनावर सुचवलं, त्यानंच हे लिहावं!

भांडण मिटलं त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीला. अ‍ॅस्कॅपची गाणी पुन्हा हवेत आली. डीफोर्डना कोणी परत बोलावलं नाही. माझ्या मते सगळा निकाल या एका गोष्टीत आहे. कारण गाण्यांच्या नोंदणीचं असतं, तर ते नोव्हेंबरात संपलं होतं.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅस्कॅप शहरी, शिकलेल्या रचनाकारांची होती. गावाकडच्या, काळ्या रचनाकारांना तिथे सहजी प्रवेश नव्हता. बीएमआयला गाणी हवीच होती, तिनं या लोकांना दार उघडलं. त्याच बळावर १९४२मध्ये रॉय एकफ यांनी भागीदारीत नॅशव्हिलमध्ये गाण्यांच्या प्रकाशनाची कंपनी काढली. हँक विल्यम्स यांची गाणी तिथूनच निघाली आणि नॅशव्हिल संगीताची राजधानी झालं. ज्या भांडणानं कंट्री संगीताचं घर बांधलं, त्यानंच घराला नाव देणाऱ्याला बाहेर काढलं.

रेडिओनं दिलेलं आणि काढून घेतलेलं असं या इतिहासात सगळीकडे दिसतं. कार्टर कुटुंबाचंच बघा. १९३८मध्ये ते टेक्सासच्या हद्दीवर गेले, नदीपलीकडे मेक्सिकोत असलेल्या एका केंद्रावर गायला. ते केंद्र जॉन ब्रिंक्ली नावाच्या एका 'डॉक्टरा'चं. पुरुषांना बोकडाच्या ग्रंथी बसवून तारुण्य परत देण्याचा त्याचा धंदा! अमेरिकेनं त्याचा रेडिओ परवाना १९३०मध्ये काढून घेतला, तेव्हा त्यानं हद्दीपलीकडे मनोरा उभारला. ताकद अमेरिकेत मुभा असलेल्या ५० हजार वॉटच्या कितीतरी पट. आरकॅन्सॉमध्ये कापूसशेतीवर राहणारा जॉनी कॅश नावाचा मुलगा ते ऐकत होता. आणि कॅलिफोर्नियात ऐकत होता सारा कार्टर यांचा दुरावलेला प्रियकर. सारा आणि ए. पी. यांचा काडीमोड झालेला, तरी एकत्र गात होते. १९३९मध्ये एका रात्री साराबाईंनी मायक्रोफोनसमोर त्याचं नाव घेऊन गाणं म्हटलं. तो गाडी हाकत टेक्सासला आला आणि दोघांनी लग्न केलं. पत्राला कुठला असा वेग?

हद्दीपलीकडचा मनोरा आपल्यालाही माहीत आहे. १९५२मध्ये नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणानं आकाशवाणीवरून सिनेगीतं हटली आणि त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. मुंबईत मुद्रण व्हायचं, टेप विमानानं कोलंबोला जायची. फरक एवढाच की तिकडे बोकडांचा संबंध नव्हता.

युद्धानंतर गती वाढली. हँक विल्यम्स १९४९च्या जूनमध्ये ऑप्रीवर आले, १९५२च्या ऑगस्टमध्ये दारूपायी काढले गेले, १ जानेवारी १९५३ला वयाच्या २९व्या वर्षी मोटारीच्या मागच्या सीटवर गेले. एल्व्हिस प्रेस्ली १९५४मध्ये एकदाच ऑप्रीवर गाऊन गेले आणि थोड्याच काळात त्यांच्या रॉक अँड रोलनं केंद्रांवरून कंट्रीला हुसकून लावलं. त्यावर उपाय म्हणून १९५८मध्ये कंट्रीवाल्यांनी आपली संघटना केली आणि जाहिरातदारांना पटवायला सुरुवात केली. १९६१मध्ये दिवसभर फक्त कंट्री वाजवणारी ८१ केंद्रं होती, १९६९पर्यंत ती सहाशेच्या वर गेली. शनिवार रात्रीचा कार्यक्रम जाऊन चोवीस तासांची यादी आली. आता गायकाचं नशीब तबकडी लावणाऱ्याच्या हातात. केंटकीतल्या खाणमजुराची मुलगी लोरेटा लिन १९६०मध्ये आपली पहिली तबकडी घेऊन नवऱ्यासोबत मोटारीनं केंद्रामागून केंद्रं पालथी घालत होती. याच लोरेटाबाईंनी १९७५मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं, तेव्हा अनेक केंद्रांनी ते लावायला नकार दिला.

आणि चार्ली प्राइड. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या काळ्या बापाचा मुलगा. बापाच्या रेडिओवर शनिवारी ऑप्री लागायची, पोरगा ती ऐकतच वाढला. कंपनीनं १९६६मध्ये त्यांची पहिली गाणी केंद्रांना पाठवली ती छायाचित्राशिवाय. आवाज ऐकून लोकांनी मागणी केली. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये ते हजारोंच्या जमावापुढे आले, तेव्हा टाळ्या थांबून शांतता पसरली. त्यांनी स्वतःच्या रंगावर एक विनोद केला आणि गायला लागले. पुढे १९७१मध्ये ते कंट्रीतल्या वर्षाच्या सर्वोत्तम कलावंताचे मानकरी झाले. डीफोर्ड यांच्यानंतर चाळीस वर्षांनीही युक्ती तीच होती. आधी आवाज, चेहरा मागाहून.

१९९६मध्ये अमेरिकेनं कायदा बदलला. एका कंपनीनं देशभरात किती केंद्रं घ्यावीत याची मर्यादा उठली. चाळीसेक केंद्रांची एक कंपनी काही वर्षांत बाराशेच्या घरात पोचली. गावातला निवेदक गेला, कुठल्या तरी दूरच्या शहरात मुद्रित केलेला आवाज 'आज आपल्याकडे पाऊस आहे' म्हणू लागला. मूठभरांच्या हाती यादी गेली की काय होतं ते २००३मध्ये दिसलं. इराकयुद्धाच्या तोंडावर 'डिक्सी चिक्स' या तिघींच्या वाद्यवृंदातली गायिका लंडनमध्ये म्हणाली, राष्ट्राध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. त्यांचं गाणं तेव्हा पहिल्या क्रमांकावर होतं. काही दिवसांत ते कंट्री केंद्रांवरून गायब झालं. एका मोठ्या साखळीनं आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांवर महिनाभर बंदी घातली. सिनेटच्या समितीपुढे त्यावर सुनावणी झाली, पण त्या केंद्रांवर त्यांची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही.

२०२४च्या फेब्रुवारीत बियॉन्से या काळ्या गायिकेनं कंट्री गाणं काढलं. ओक्लाहोमातल्या एका केंद्राकडे श्रोत्यानं ते मागितलं. उत्तर गेलं, आम्ही कंट्री केंद्र आहोत, तिची गाणी लावत नाही. बोभाटा झाला आणि केंद्रानं ते लावलं. काही दिवसांत ते कंट्री यादीत पहिलं आलं. त्या गाण्यात बँजो आहे.

डीफोर्ड यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ऑप्री सुटल्यावर त्यांनी नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवलं. तीसेक वर्षं. पंधरा वर्षं ज्यांनी त्यांना शनिवारी रात्री ऐकलं, त्या शहरातले लोक त्यांच्यासमोर पाय पुढे करून बसत. माउथ ऑर्गन घरी वाजायचा. सार्वजनिक कार्यक्रमांना ते बहुतेक वेळा नाही म्हणत. १९७४मध्ये, पंचाहत्तरी जवळ आली असताना, ते ऑप्रीवर पुन्हा एकदा उभे राहिले. सरकारी घरांच्या कार्यालयात काम करणाऱ्या डेव्हिड मॉर्टन या तरुणाशी त्यांची मैत्री झाली, त्यानं त्यांचं सगळं टिपून ठेवलं आणि त्यातून १९९१मध्ये चरित्र आलं. डीफोर्ड २ जुलै १९८२ला वारले. कंट्री संगीताच्या मानाच्या दालनात त्यांचं नाव लागलं २००५मध्ये.

आणि ती पॅन-अमेरिकन गाडी. १९३३पासून डब्ल्यूएसएमनं एक नवा कार्यक्रम सुरू केला होता. संध्याकाळी ती गाडी केंद्राच्या मनोऱ्याजवळून जायची, तेव्हा रुळांजवळ मायक्रोफोन ठेवून तिची शिट्टी थेट प्रक्षेपित करायचे. डीफोर्डना काढल्यानंतरही ती काही वर्षं रोज वाजत होती. १९७१मध्ये गाडी कायमची बंद झाली. डीफोर्ड यांच्या दुकानाला कुलूप लागलं तेही त्याच वर्षी.